धोंडूचं गाऱ्हाणं

धोंडू तांडेलासारखा डूख धरणारा माणूस मी अख्ख्या मालवणात दुसरा पाहिला नाही, आणि त्यासाठी मी त्याला शंभरदा नमस्कार करीन.

किल्ला बघायला येणाऱ्यांना आम्ही सहा जण दर रविवारी फुकट फिरवून आणायचो. मी पोस्टातली लीला, धोंडू होडीवाला, आणखी तिघं, आणि आमचे म्होरके गुरुदास मास्तर. त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी धोंडू मुंबईच्या पाहुण्यांना दाखवत होता, "ही दूधबाव. चारी बाजूंक खारा पाणी, पण हय बघा, गोड!" मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याला थांबवलं.

"बाव नव्हे, विहीर म्हण! तुझ्या भाषेनं किल्ल्याची अब्रू जाते. तू आपली वल्ही मार."

आणि त्याच्या सदऱ्यावरचा वाटाड्याचा पितळी बिल्ला काढून घेतला. मेला स्वतः इथल्याच मसुऱ्याचा! घरी आईकडे पेज काय पुणेरीत मागायचा?

पुढच्याच आठवड्यात गॅस्ट्रोची साथ आली. होड्या बंद झाल्या, जेट्टीवर आडवी दोरी बांधली. कधी सुटणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर आम्हाला शाळेच्या पडवीत बसवून शुद्ध भाषेतलं भाषण पाठ करून घ्यायचे. धोंडूला बोलावणं नव्हतं. तो होडीला तेल पाजायचा, जेट्टीच्या पायऱ्यांचं शेवाळ खरवडायचा आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा.

"कसली तयारी रे?" मी विचारलं.

"साथ काय जन्मभर रवतली? होडी सुटतली गो लीला. त्या दिवसाक मी तयार आसंय. मास्तराक पण तयार करतंय."

"तो बिल्ला परत देणार नाही हां."

"देतलो. आपल्या हातान देतलो."

जानेवारीत दोरी सुटली. तालुक्याचे मोठे साहेब पहिल्या होडीनं किल्ल्यावर येणार होते. मास्तर इस्त्रीचा सदरा, त्यावर धोंडूचा तो बिल्ला, हातात कागद घेऊन हजर. पण पहिली होडी सुटताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालायचा, मान धोंडूच्या घराण्याचा, आणि गाऱ्हाणं मालवणीतच घालतात. तिथे मास्तरांचा इलाज नव्हता.

धोंडूनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां आज दर्यार जातत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ही साथ, इडापीडा सात समुद्रापलीकडे घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आयेच्या भाशेक लाजलो, जेणा भावाच्या तोंडाक कुलूप घातल्यान, तेची जीभ चार माणसांत अडखळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला व्हय म्हणताना आमच्याकडे कोण ऐकतो? जन्माची सवय. सगळ्यांत मोठा आवाज मास्तरांचा होता. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं, आणि तोंड पांढरंफटक पडलं. देवासमोर दिलेला शब्द, तो परत कसा घेणार?

किल्ल्यावर ते साहेबांसमोर उभे राहिले. "ही... दूध... ही दूध..." बाव म्हणावं की विहीर, जीभच वळेना. साहेबांनी वाट पाहिली आणि ते म्हणाले, "अहो, मघाशी ज्यांनी ते गाऱ्हाणं घातलं ना, त्यांनाच सांगू द्या."

धोंडू सावकाश पुढे आला आणि त्यानं हात पसरला. "मास्तरानू, बिल्लो?"

मास्तरांनी तो आपल्या हातानं काढून दिला.

"ही दूधबाव," धोंडू म्हणाला, आणि दोन तास साहेबांनी त्याची पाठ सोडली नाही.

मला मास्तरांची दया आली? अजिबात नाही. परतताना धोंडू साहेबांशेजारी बसून बोलतच होता. वल्ही मारायला कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यानं मान न वळवताच सांगितलं, "मास्तरानू, तुम्ही आपली वल्ही मारा." आणि मास्तरांनी मारली.