जिवंत मुद्देमाल

नोकरीत शेकडो चोऱ्या तपासल्या, पण अंधेरीच्या एका प्रयोगशाळेतली चोरी अजून मनातून जात नाही.

तिथल्या डॉक्टरबाई तक्रार अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. चोरीला गेली होती एक श्वासनलिका. मयत दात्याच्या नलिकेतल्या पेशी धुऊन काढायच्या, उरलेल्या सांगाड्यावर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवायच्या आणि ती त्याच्या गळ्यात बसवायची, असा त्यांचा प्रयोग. ही नलिका गोराईच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी तयार होत होती. मुलगी शस्त्रक्रियेआधीच वारली.

"मग नलिका?" मी विचारलं.

"वाढत होती. तिला जाऊन दीड महिना झाला, पण पेशी जिवंत होत्या. अभ्यासासाठी ठेवली."

हवालदाराचं पेन थांबलं.

कुलूप फोडलेलं नव्हतं, म्हणजे आतल्या कुणाचा तरी हात. रखवालदाराला बोलावलं, चहा दिला आणि तासभर काहीच विचारलं नाही. गप्प बसवून ठेवलेला माणूस बहुधा आपणहून बोलतो.

"साहेब, तिचा बाप दर शुक्रवारी यायचा," तो म्हणाला. "काचेतून बघत बसायचा. परवा बोलला, पोरीला घरी नेतो. मला नाही म्हणवलं नाही."

डॉक्टरबाईंना घेऊन आम्ही बोटीने गोराईला गेलो. बाप मासेमारी करणारा. दार उघडून म्हणाला, "हळू बोला."

घरातल्या आल्तारासमोर, येशूच्या तसबिरीखाली, मासळीची थर्माकोलची पेटी होती. आत गरम पाण्याच्या पिशव्या, मधोमध काचेचं भांडं. गुलाबी द्रवात बोटाएवढी पांढरी नळी. दोन दिवस तो तासातासाला पिशव्यांतलं पाणी बदलत होता.

"पुरायलाच आणली होती, साहेब. पण जिती पोर कशी पुरू?"



बाईंनी भांडं उजेडात धरलं. द्रव गढूळ झाला होता. "काका, आता यात काही जिवंत नाही."

"कवा गेली?"

"आज सकाळी."

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, पहिल्याच रात्री मेली असणार.

संमतीपत्र मी मागवून वाचलं. मृत्यूनंतर नमुना प्रयोगशाळेकडे राहील, असं त्यात होतं. मजकूर इंग्रजी, खाली बापाची मराठी सही. मुलगी अतिदक्षता विभागात असताना घेतलेली. बाईंनीही तो कागद पुन्हा वाचला आणि तक्रार नाही असं लिहून दिलं. नळी मुलीच्या कबरीत ठेवली गेली.

चोरीच्या तपासात आम्ही वस्तू शोधतो. ती कुणाची, हे तक्रारदार सांगेल ते धरून चालतो. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी तसं कधी धरून चाललो नाही.