वानोळ्याने भरलेला ट्रक

आमच्या ह्यांना लोखंडाचं वेड होतं, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नाही. मुलगा लोणावळ्याचा आहे, इंजिनं दुरुस्त करतो आणि निर्व्यसनी आहे, एवढंच कानावर घातलं गेलं. घरात आल्यावर कळलं की मिलिटरीच्या लिलावातून घेतलेला एक जुना ट्रक आहे आणि त्याचा थाट घरापेक्षा मोठा आहे. ट्रकाच्या मागच्या भागात ह्यांनी सुताराकडून चक्क एक लाकडी खोली बांधून घेतली होती. वर पत्रा, मागे दार, एका बाजूला खिडकी आणि खिडकीखाली झोपायला फळी. दिवाळी झाली की हे त्या खोलीत मुक्काम हलवायचे आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत मावळातल्या गावांतून शेतावरची तेलाची इंजिनं आणि भाताच्या गिरण्या दुरुस्त करत हिंडायचे. साठच्या दशकात खेड्यात मेकॅनिक मिळणं मुश्कील, त्यामुळे ह्यांना मागणी फार.

लग्नानंतरचा पहिला हंगाम मी लोणावळ्यातच, तुंगार्लीला काढला. एका बंगल्याच्या आवारात आमची खोली होती. बंगल्याचे मालक मुंबईला, आणि बोलायला म्हणाल तर त्यांचा कुत्रा. तो सगळं ऐकून घ्यायचा, पण त्याचं स्वतःचं असं काही म्हणणं नसायचं. मी तेव्हा वीस-बावीसची, तोंडाला कुलूप लावायची सवय नसलेली. संध्याकाळी तळ्यावरून धुकं आलं की मला रडू यायचं आणि रडू आलं की ह्यांचा राग यायचा. दुसऱ्या वर्षी फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत मी जाहीर केलं, की या वेळी मी बरोबर येणार.

ह्यांनी वाद घातला नाही. मला ट्रकामागे नेलं, दार उघडलं आणि म्हणाले, "सांग, कुठे बसतेस?"

आत खरोखरच बसायला जागा नव्हती. डिझेलचे डबे, ग्रीसचे डबे, लहानमोठे पाने, गिरणीचे पट्टे, पिस्टन, जॅक, दोरखंड आणि जड इंजिन उचलायची साखळीची कप्पी, जिला हे चेनपुली म्हणत. झोपायच्या फळीवर उशीच्या जागी स्क्रूचा खोका होता.

"हे सगळं लावून मी माझ्यापुरती जागा काढली तर?" मी विचारलं.

"तर ये. पण माझं एकही हत्यार घरी राहणार नाही. आणि ज्या दिवशी कामाच्या वेळी हत्यार सापडलं नाही, त्या दिवशी जवळच्या स्टेशनवरून लोणावळ्याची गाडी पकडायची."

मी लगेच कबूल झाले. ह्यांना वाटलं, प्रश्न मिटला. पण मी पुण्याच्या एका खोलीत भावंडांच्या फौजेत वाढलेली. आमच्याकडे वस्तू जमिनीवर ठेवायची नसते, हे मला चालायला लागायच्या आधी शिकवलं होतं. जमीन माणसांसाठी, बाकी सगळं भिंतीला नाहीतर आढ्याला.

चार दिवस मी त्या ट्रकात पदर खोचून उभी होते. जुन्या गादीच्या खोळीला कप्पे शिवले आणि ती दाराच्या आतल्या बाजूला ठोकली. त्यात सगळे पाने आकारमानाप्रमाणे उभे राहिले. पट्टे छताला खुंट्यांवर गेले. डिझेलचे डबे फळीखाली, आणि फळीला मी बिजागऱ्या लावून घेतल्या, म्हणजे दिवसा ती भिंतीला उभी. आढ्याला दोन शिंकी टांगली, एकात दूध-दही आणि दुसऱ्यात पिस्टन. ट्रकाच्या पोटाखाली फळांच्या खोक्याला पत्रा मारून स्टोव्ह आणि रॉकेल बसवलं. राहता राहिलं जास्तीचं चाक. त्याच्या पोकळीत कांदे बटाटे छान मावतात, हे मीच प्रथम शोधून काढलं असावं. हे बघत होते आणि काही बोलत नव्हते. न बोलणं ही त्यांची शाबासकीची पद्धत आहे, असं मी धरून चालले.

इंजिनाची नोझलं तेवढी फार नाजूक आणि फार बारीक. ती मी मिसळणाच्या डब्यात, हिंगाच्या वाटीशेजारी एक वाटी रिकामी करून ठेवली. पहिल्याच गावात हे विहिरीवर काम करताना मसाल्याचा डबा घेऊन बसले. इंजिनाचा मालक हात जोडून जवळ आला. "भाऊ, फोडनी द्येताय काय इंजनाला?" त्याने विचारलं. ह्यांनी त्याच्याकडे न बघता हळद लागलेलं नोझल फुंकून स्वच्छ केलं. इंजिन सुरू झालं, आणि तो माणूस पुढे प्रत्येकाला सांगत राहिला, की बाई बरोबर असली की इंजिनाला चव येते.

हत्यारांशी माझं सूत जमलं होतं. संकट आलं ते भलत्याच बाजूने. मावळातल्या माणसाचं इंजिन चालू झालं की ठरलेली मजुरी तो देतोच, पण वर वानोळा देतो. घरात जे नवं पिकलं असेल ते पाहुण्याच्या पदरात घालायचं, आणि पाहुण्याने नको म्हणायचं नाही, म्हटलं तर घरच्या बाईचा अपमान. सुदुंबऱ्यात आम्हाला नव्या आंबेमोहोराचं गाठोडं मिळालं. शेजारणीने पावट्याच्या शेंगा आणल्या. तिच्या जावेला मागे राहायचं नव्हतं, म्हणून तिने आणखी शेंगा आणल्या. एका मावशींनी कोंबडी दिली. कोंबडी जिवंत होती आणि तिने गॅस्केटच्या खोक्यात संसार थाटला. निघताना तिथले एक आबा खांद्यावर भोपळा घेऊन आले. भोपळा एवढा मोठा, की त्यावर मी बसले असते तर पाय जमिनीला लागले नसते. दृष्ट लागू नये म्हणून आबांनी त्याला चुन्याची बोटं ओढली होती.

"अहो, हे ठेवायचं कुठे?" मी ह्यांना हळूच विचारलं.

"जागा काढणं तुझं काम," हे म्हणाले, आणि जरा जास्तच आनंदाने म्हणाले.

तो भोपळा माझ्या फळीवर झोपला आणि मी त्याच्या कडेने झोपले. पण रात्रीत तो गडगडत ह्यांच्याही अंगावर गेला असावा, कारण पुढच्या गावात ह्यांनी एक चूक केली. मला न विचारता त्यांनी तो भोपळा एका घरी देऊन टाकला. घरातली सून ओसरीवर आली, तिने भोपळा फिरवून बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"ही बोटं आमच्या आबांची हाईत," ती म्हणाली. "त्यास्नी करंगळी न्हाई. चारच वढत्यात, त्यातलं एक आखूड."

मावळात सोयरिकी दोन कोसांच्या आत असतात, हे ह्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण मेकॅनिक माणूस, भोपळ्याला बाप असतो हे त्याच्या ध्यानात कुठून येणार!

"माझ्या बापानं दिल्यालं तुमाला जड झालं व्हय?" ती विचारत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी मीच पुढे झाले, भोपळा उचलला आणि म्हटलं, "अगं, तुला दाखवायला उतरवला होता. माहेरचा आहे ना." तिचा विश्वास बसला नाही, पण मान राखल्यासारखं झालं. त्या मानापायी तिने भोपळ्याबरोबर नाचणीचं पीठ दिलं.

तेव्हापासून ह्यांनी हाय खाल्ली. वानोळा नाकारता येत नव्हता आणि वाटूनही टाकता येत नव्हता. मळवलीला पोचेपर्यंत ट्रकाच्या खोलीत शिरायचं तर आडवं व्हावं लागत होतं.

मळवलीला स्टेशनाजवळ भाताची गिरणी होती. गिरणीचे मालक एक वयस्क मुसलमान गृहस्थ, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. गिरणी बंद पडली होती आणि भाताची पोती घेऊन आलेली माणसं, बायका, बैलगाड्या सगळे खोळंबले होते. ह्यांनी इंजिन बघितलं, जड चाक काढावं लागणार होतं. "चेनपुली दे," ते म्हणाले.

मी आत शिरले. चेनपुली मी तळाला, जास्तीच्या चाकाच्या बाजूला ठेवली होती. तिच्यावर आता तांदूळ, तांदळावर शेंगा, शेंगांवर पीठ, आणि सगळ्यावर भोपळा. मी ओढत राहिले, कोंबडी ओरडत राहिली. बाहेर माणसं वाट बघत होती. बऱ्याच वेळाने हे दारात आले.

"म्हणूनच आणत नव्हतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मला फार लागलं. स्टेशन समोरच होतं, आणि अट दोघांनाही आठवत होती. पण जाण्याआधी माझा पसारा मी आवरणार होते. मी एकेक वस्तू बाहेर काढून गिरणीच्या ओट्यावर मांडली. बायका जवळ येऊन बघू लागल्या. "येवढं घिऊन निगाला कुटं?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "वानोळा आहे. दुसऱ्याला देता येत नाही ना."

"द्याचा न्हाई," ती म्हणाली. "पन आपल्या चुलीवर रांधून कुनाला बी वाढावा की. त्यात काय हाय?"

इतकी साधी गोष्ट. चाचींनी घरातलं मोठं पातेलं काढून दिलं. तीन दगडांची चूल मांडली, आणि ज्या बाया भात कांडायला खोळंबल्या होत्या त्यांनीच शेंगा सोलल्या, भोपळा चिरला. चुन्याची बोटं असलेली साल मी अगोदर काढून बाजूला ठेवली, उगाच कोणी ओळखायला नको. दुपारी गिरणीसमोर पंगत बसली. चाचा सगळ्यांना आग्रह करत फिरत होते, जणू लेकीचं लग्न. चेनपुली केव्हाच मोकळी झाली होती आणि ह्यांनी जेवणाआधी चाक उतरवलंही होतं. संध्याकाळी गिरणी सुरू झाली. ट्रकाची खोली रिकामी, झाडलेली, कोंबडीसुद्धा प्रसन्न.

पण अट ती अट. हत्यार वेळेला मिळालं नव्हतं, आणि चारचौघांत ऐकून घेतलेलं मी विसरणार नव्हते. मी माझं गाठोडं बांधलं. ह्यांनी ते उचललं आणि माझ्याबरोबर फलाटावर आले. लोणावळा तिथून पुढचंच स्टेशन. हद्दपारी जवळचीच, तरी मला तुंगार्लीची ती खोली दिसत होती.

गाडी आली. मी दांडा धरून डब्यात चढले आणि गाठोड्यासाठी हात पुढे केला. गाठोडं छातीशी धरून हे उभे. शिट्टी झाली, मला उतरावं लागलं, गाडी गेली.

"गाठोडं का दिलं नाहीत?" मी चिडून विचारलं.

"पाने कुठे कुठे लावलेत, मला नीट माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे पान्यांसाठी थांबवलंत?"

फलाट रिकामा झाला होता. ह्यांनी गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि रुळांकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षी सगळी हत्यारं जागच्या जागी होती. संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं."