टोचलेले कागद

शिवणकामाच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला भरतकामाच्या नमुन्यांची फाइल करायची होती. बाजारात जी छापील पुस्तकं मिळत, त्यांत तेच ते गुलाब आणि तीच ती फुलांची टोपली. वर्गातल्या सगळ्यांच्या फायलीत ती टोपली असणार, हे दिसतच होतं. म्हणून मी मुलुंडला आमच्या घराजवळच्या रद्दीवाल्याकडे बायकांची जुनी मासिकं धुंडाळायला जाऊ लागले. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट.

मासिकं काही मिळाली नाहीत. पण एके दिवशी दुकानदाराने सुतळीने बांधलेली एक वळकटी पुढे टाकली. "बघा, हे चालतंय का." आत पिवळे पडलेले ट्रेसिंग पेपर होते. एक कागद दारातल्या उन्हासमोर धरला, तर अख्खं जास्वंद उजेडाच्या ठिपक्यांनी उमटलं.

हे काय आहे ते मला वर्गात शिकवलं होतं. कागदावर नक्षी काढायची, रेषांवरून सुईने जवळजवळ भोकं पाडायची. मग कागद कापडावर ठेवून, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कापडावर निळे ठिपके उतरतात. एकच कागद कितीतरी वर्षं पुरतो. पण आता कोणी एवढी खटपट करत नसे, कार्बन पेपर होता. या वळकटीत हंस होते, कैऱ्या होत्या, उशीच्या अभ्र्यासाठी वळणदार अक्षरात 'गुड नाईट' होतं. कोपऱ्यांत पेन्सिलीने बारीक सूचना होत्या. 'पानं आधी भरणे.' 'हंसाची मान बारीक झाली, पुढच्या वेळी सुधारणे.'

असले आणखी कागद असतील तर हवे होते. दुकानदाराने समोरची बिल्डिंग दाखवली.

पहिल्या मजल्यावर पस्तिशीच्या एका बाईंनी दार उघडलं. हाताला कणीक लागलेली होती. "ते होय? माळा आवरला परवा, त्यात होते," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतून म्हातारा आवाज आला, "कसले कागद गं?"

बाईंचा, म्हणजे पुढे मी ज्यांना वहिनी म्हणू लागले त्यांचा, चेहरा पडला. आत खाटेवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मी वळकटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वरचा कागद मांडीवर पसरला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"जास्वंद," त्या म्हणाल्या. "चौथी पाकळी मुडपलेली आहे बघ."

होती.

"तुम्ही काढलेत, आजी?"

"माझ्या मुलीने. ती नाही आता."

वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेल्या त्या. या घरात कोणी नावही काढत नाही."

कागद परत ठेवून मी निघाले, तर आजींनी हाक मारली. म्हणाल्या, "ने तू ते. पण भरलेलं मला आणून दाखव."

मग आठवड्यातून दोन-तीन दुपारी मी तिथे जाऊ लागले. आजी कापड उलटं करून मागची बाजू चाचपायच्या. "इथे गाठ मारलीस. उसव." मग कोपऱ्यातल्या सूचना वाचायला लावायच्या. मी वाचायचे, त्या ओठ हलवत ऐकायच्या. एकच सूचना तीन-तीनदा वाचून घ्यायच्या.

एकदा मी कापड तिथेच छापायचं ठरवलं. घरून वाटीत रॉकेल आणि नीळ घेऊन गेले. वाटीवरची ताटली काढली मात्र, आजी ताठ झाल्या.

"बाहेर ने ते."

"आजी, पाचच मिनिटं—"

"बाहेर ने म्हणते ना."

वाटी जिन्यात ठेवून मी परत आले, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच बोलू लागल्या. माझ्याशी बोलत होत्या की नाही, कोण जाणे.

मुलीला घाटकोपरला दिली होती. रुखवतात सगळं तिच्या हातचं होतं. टेबलक्लॉथ, अभ्रे, पडदे. लग्नाला चार वर्षं झाली, मुलगा दोन वर्षांचा झाला, आणि एका सकाळी निरोप आला की स्टोव्हचा भडका उडाला. हॉस्पिटलात ती दोन दिवस होती.

"शुद्धीत होती. मला म्हणाली, आई, मी स्टोव्ह पेटवलाच नव्हता."

"मग तुम्ही पोलिसांना सांगितलंत?"

"हवालदाराने विचारलं, कोणावर संशय आहे का. मी म्हटलं, नाही. पंप मारताना पेटला असेल. आदल्या रात्री जावई येऊन सांगून गेला होता. तोंड उघडलंत तर नातू दिसणार नाही म्हणून."

नातू दिसावा म्हणून त्या महिन्यातून एकदा घाटकोपरला जात राहिल्या. वर्षाच्या आत तिथे दुसरी सून आली. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो हंसांच्या टेबलक्लॉथवर.

"मान बारीक झालेले हंस. मी चहा प्यायले. पोर समोर खेळत होतं."

पोराला कळू लागलं, तसं त्याला नवी आईच आई म्हणून सांगितलं गेलं. मग त्यांना निरोप आला, आता येऊ नका, त्याच्या मनावर परिणाम होतो. त्या गप्प राहिल्याचं जे मिळालं होतं, तेही गेलं.

मी म्हटलं, "अजून काही करता येणार नाही का?"

"वीस वर्षं झाली गं. आणि कोणाविरुद्ध करायचं? जबाबावर सही माझीच आहे."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्यासाठी स्थळं बघतोय आम्ही. असल्या घरात जाऊन बसू नकोस."

मी जायची थांबले. पुढे अनेक वर्षं मी हे आईवर ढकललं, पण ते खरं नाही. मला त्या खोलीत जायची भीती वाटू लागली होती. आजी पुन्हा कोपऱ्यातलं वाचायला लावतील, आणि ते अक्षर आता माझ्याने वाचवणार नाही, असं वाटायचं.

फाइल मात्र पूर्ण केली. हंस सोडून सगळे नमुने वापरले. परीक्षक बाईंनी जास्वंदावरून बोट फिरवून विचारलं, "हे डिझाइन कुठून आणलंस?"

"रद्दीत मिळालं," मी म्हटलं. त्यांनी पहिला नंबर दिला.

निकालानंतर फाइल घेऊन आजींकडे जायचं मी रोज ठरवायचे. अशातच दोन महिने गेले. एके सकाळी भाजीबाजारात वहिनी भेटल्या. आजी तीन आठवड्यांपूर्वी गेल्या होत्या.

"तुमची वाट बघायच्या," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दुपारी जिन्यात पाय वाजला की विचारायच्या, ती आली का. मग विचारायचं बंद केलं."

मी विचारलं, "नातवाला कळवलं होतं का?"

"ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. दारातच बोलला तो. म्हणाला, माझी आजी आमच्या घरी आहे, तुम्ही चुकून आलात."

"आणि ते कागद, वहिनी? आणून देऊ का?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणून काय करू? माळ्यावर टाकणार, आणि पुढच्या साफसफाईला पुन्हा रद्दीत जातील. राहू देत तुमच्याकडेच."

त्या भेंडी निवडायला वाकल्या. मी घरी आले.