पोत पाठीवर होती

दूध काढायला बसताना मी पोत पाठीवर टाकते. माझी पोत लांब आहे, काळ्या मण्यांची, खाली सोन्याचं डोरलं. पुढे राहिली तर थेट बादलीत लोंबते. लग्न होऊन नांदगाव खंडेश्वरजवळच्या या गावात आले, त्याच आठवड्यात ती एकदा दुधात बुडाली आणि घरभर बोलणी खाल्ली. तेव्हापासून सवयच लागली. पोत मागे, पदर खोचलेला, मग बसायचं. पुष्कळदा ती संध्याकाळपर्यंत मागेच राहते. माझ्या मोठ्या जाऊबाईंना हे बिलकूल आवडत नाही.

धार काढण्याआधी कास चाचपायची, हे मी अकोल्याकडच्या माहेराहून शिकून आले. चारही सडांच्या वर, मुळापाशी, बोटं हळू फिरवायची. म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा रोग, होणार असेल तर दूध नासण्याआधीच तिथे हाताला काहीतरी कडक लागतं. जोरात दाबायचं नाही. जोरात दाबलं की बोटाला काही कळत नाही आणि म्हैस लाथ मारते ती वेगळीच. तीस वर्षं मी हे रोज दोन वेळा करते आहे. त्यामुळे न्हाणीत साबण लावताना डाव्या छातीत, बाहेरच्या अंगाला, बोटाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी आलं तेव्हा ते काय असू शकतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कडक होतं आणि जागचं हलत नव्हतं. मी घाबरले. आणि मी घाबरले की मला राग येतो.

जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "हळद गरम करून लाव. या वयात काहाले चाचपून पायते वं?"

नवरा म्हणाला, "सोयाबीन निघू दे, मंग जाऊ अमरावतीले."

सोयाबीन निघायला महिना होता. मी त्या दिवशी दोघांशीही बोलले नाही, आणि आमच्या घरात मी गप्प बसणं हे भांडणापेक्षा वाईट समजतात.

चार दिवसांनी गावात तपासणीचं शिबिर आलं. अमरावतीहून गाडी आली, शाळेच्या वर्गात साड्यांचे पडदे बांधले, आत एक टेबल आणि टेबलाशेजारी ते यंत्र. शिवणयंत्राच्या मानेसारखा वाकलेला हात आणि त्याच्या टोकाला रबराचं मऊ बोट. मशीनवाल्या ताईंनी सगळ्यांना नीट समजावलं. हे बोट छातीवर जागोजाग हलकेच टेकतं, मऊ लागलं की पडद्यावर निळं दिसतं, कडक लागलं की लाल ठिपका येतो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मात्र त्या यंत्राचा हात बघत होते. दाब किती हलका! ज्याने कोणी त्याला शिकवलं त्याने कधीतरी म्हैस पिळली असणार, असं मला वाटलं.

सकाळी पहिल्याच बाईला ताई म्हणाल्या होत्या, "मंगळसूत्र काढून ठेवा." त्यावर वर्गात जो कालवा झाला तो बाहेरच्या पारापर्यंत ऐकू गेला. नवरा जिवंत असताना पोत गळ्यातून काढायची? एकही बाई तयार होईना. मग ताई म्हणाल्या, निदान बाजूला सरकवा. बायका सरकवत, आडवं झालं की पांघरलेल्या चादरीखाली ती परत छातीवर येई, आणि पडद्यावर लाल ठिपके उमटत. दुपारपर्यंत ताई कंटाळल्या. ठिपका आला की त्या विचारीनाशा झाल्या, कागदावर 'मणी' लिहायच्या आणि खाली 'नॉर्मल'.

माझा नंबर दुपारी लागला, जाऊबाईंच्या मागोमाग; त्यांच्या कागदावर 'मणी' लिहून झालं होतं. मी डोळे मिटून पडले होते. रबराचं बोट सरकत सरकत डाव्या बाजूला आलं आणि नेमकं त्या जागी थांबल्यासारखं झालं. मी डोळे उघडले. लाल ठिपका, एकच.

"नॉर्मल आहे काकू," ताई लिहिता लिहिता म्हणाल्या. "मण्यांचं येतं तसं."

आणि त्याच वेळी माझं डोरलं माझ्या पाठीत रुतत होतं.

मी उठून बसले. पाठ वळवून त्यांना दाखवली. "पोत हे इथं हाये ताई. छातीवर एक मणी नाई. मंग लाल काहाचं आलं?"

ताईंचा चेहरा उतरला. पडद्याबाहेरून जाऊबाई म्हणाल्या, "अवं, नॉर्मल सांगतलं ना त्यायनं? चाल आता, ढोरायचं पाणी बाकी हाये."

"मी नाई येत. परत लावा मशीन," मी ताईंना म्हटलं. त्यांना पुन्हा मणी म्हणायला जागाच राहू नये म्हणून मी पोत गळ्यातून काढली आणि खिडकीत ठेवली.

जाऊबाई पडदा सारून आत आल्या. "अवं माय! नवरा जित्ता हाये ना तुया!"

"हाये. मले बी जित्तं राहाचं हाये."

हे मी मोठ्याने बोलले आणि परत आडवी झाले. यंत्र परत लागलं. ठिपका तिथेच आला. शिबिरातल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी स्वतःची बोटं टेकवली, माझ्यासारखीच, हलकी. म्हणाल्या, "उद्याच अमरावतीला या."

माझं काम झालं होतं, पण राग गेला नव्हता. यंत्राने चूक केली नव्हती, माझ्या हातानेही नाही. चूक मधल्या त्या एका शब्दात होती, आणि तो 'मणी' तोवर कितीजणींच्या कागदावर लिहिला गेला होता! मी शाळेच्या ओसरीत उभी राहून ओरडले, "ज्यायच्या कागदावर मणी लिवलं हाये त्या साऱ्याजणी परत या. पोत काढून!" मी शिव्या खाल्ल्या. पण बायका आल्या. सगळ्या नाही, तरी बऱ्याच आल्या. ताईंनी गाडी दोन तास थांबवली. जाऊबाई सर्वांत शेवटी आल्या, पोत मुठीत घट्ट धरून आडव्या झाल्या. त्यांचा पडदा निळाच राहिला. उठल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या मी येईन तुयासंगं."

सोयाबीन शेतात उभं असताना आम्ही दोघी एसटीने गेलो. गाठ कॅन्सरचीच निघाली. वेळेत सापडली असं डॉक्टर म्हणाले. डावा स्तन काढला. औषधांनी केस गेले, ते वर्ष फार वाईट गेलं, पुढच्या सुगीला मी परत म्हशीखाली बसले.

गावात काही बाया अजून म्हणतात की हिने त्या दिवशी भर शाळेत पोत काढली, म्हणून हिला हा रोग झाला. माझ्या तोंडावर म्हणतात. म्हणू देत. ते ऐकायला मी इथे आहे.