मोरे बाईंचं एकत्रीकरण

कटक, सूंऽऽ. कटक, सूंऽऽ.

साहेबांच्या खोलीतला छताचा पंखा असा वाजायचा. एक फेरा पुरा झाला की कटक. त्या कटकमध्ये आत बोलणाऱ्याचा एखादा शब्द सापडून मरायचा, आणि बाहेर स्टुलावर बसलेल्या माझ्यापर्यंत उरलेलेच शब्द यायचे. इतकी वर्षं झाली, तो पंखा कधीच भंगारात गेला असेल. पण दुपारी डोळा लागायला लागला की अजून तो आवाज येतो. मग त्या पंख्यापायी मी काय करून बसलो ते आठवतं आणि झोप उडते. चहा घ्या, निवेल. सांगतो. मला बोलायला जरा वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारामतीला शिक्षण खात्याच्या एका कचेरीत शिपाई होतो. माझी स्वतःची शाळा तिसरीपर्यंत. पुढं वडलांबरोबर मेंढरांमागं गेलो. आता गंमत बघा, ज्यानं शाळा सोडली त्यालाच सगळ्या शाळांच्या साहेबाच्या दारात बसवलं. सगळे मला मामा म्हणायचे. साहेब मामा, गुरुजी मामा, बाया मामा. रोज इतक्या जणांनी मामा म्हटलं की माणसाला वाटायला लागतं, आपण खरंच ह्यांचे मामा. माझी चूक तिथं झाली. पंख्याला उगीच बोल लावतोय.

त्या दिवसांत बदल्यांवरून रोज रण माजायचं. शिक्षकांच्या संघटनेचे पुढारी होते कोकरे गुरुजी. उंच माणूस. ते आत बोलले की बाहेर लिंबावरचे कावळे उडायचे. साहेब बारीक, हळू बोलणारे, सगळं नियमानं करणारे. वरून हुकूम आला होता की साहेबांनी बदल्यांच्या शिफारशी एकट्यानं करायच्या नाहीत. संघटनेच्या माणसांना शेजारी बसवायचं, आणि दोघांच्या संमतीनं काय ते पुण्याला कळवायचं. झालं. दर गुरुवारी बैठक. गुरुजी मूठ आपटायचे आणि साहेब टेबलावरचा काचेचा गोळा गडगडू नये म्हणून धरून ठेवायचे. कितीतरी गुरुवार गेले, पण एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. चहात साखर जास्त पडते, यावर.

अशाच एका दुपारी मी स्टुलावर पेंगत होतो. उन्हाची तिरीप पायावर आली होती, ती गुडघ्यापर्यंत चढली की चार वाजायचे. अर्ध्या झोपेत आतलं बोलणं कानावर येत होतं, पाण्याच्या तळाशी कुणी बोलावं तसं.

"मोरे गुरुजी डाळजला," कोकरे गुरुजी म्हणत होते, "आणि मोरे बाई सांगवीला. दोन गावांत दोन चुली, साहेब. हा काय संसार..." कटक. "खाण्याचे हाल चाललेत त्यांचे. परवा भाकरीवरून..." कटक.

"पती-पत्नी एकत्रीकरणाला माझी ना नाही," साहेब म्हणाले. "पण दोघांची संमती लागेल."

तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कळलंच असेल. नवरा-बायको दोघंही शिक्षक असले की त्यांना एकाच गावात नेमायचं, याला खात्यात पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात. मोरगावच्या शाळेत दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्या जागी मोरे नवरा-बायकोला न्यायचं, असं कोकरे गुरुजींच्या मनात होतं. डाळज इंदापूर तालुक्यात, तिथल्या साहेबांनीही मोरे गुरुजींना सोडायला हरकत नाही म्हणून कळवलं होतं. साधी बदली.

पण मला काय कळलं? आमच्यात दोन चुली झाल्या म्हणतात ते कशाला, तर माणसं तुटली की. दोन चुली, मोडलेला संसार, भाकरीवरून भांडण, आणि साहेबांसारखा माणूस म्हणतोय, दोघांची संमती असेल तर एकत्र आणू. माझे तर डोळेच भरून आले. म्हटलं, सरकार बदललं. आता माणसांचे संसारसुद्धा जुळवायला लागलं.

मला आमचे वडील आठवले. एखादी मेंढी कोकराला जवळ घेईनाशी झाली की वडील त्या दोघांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वेगळं ठेवायचे आणि स्वतः कडेला बसून काहीबाही गुणगुणत राहायचे. सक्ती नाही की मारणं नाही. अंधार पडायच्या आत मेंढी कोकराला चाटायला लागायची. मला वाटलं, एकत्रीकरण म्हणजे हेच. फक्त कडेला बसून गुणगुणायला कुणीतरी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कचेरीत फोन होता, पण त्याच्या चकतीला कुलूप असायचं आणि सांगवीच्या शाळेत तर फोनच नव्हता. म्हणाले, "मामा, सांगवीला जा. मोरे बाईंना सांगा, गुरुवारी बैठकीला यायचं, संमती द्यायला. गुरुजींना इंदापूरहून निरोप जाईल."

एवढाच निरोप होता. तेवढाच सांगून परत आलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

सांगवीच्या एसटीत खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून पाटाचं पाणी चमकून जायचं. मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. लग्नाची बोलणी करायला निघालेल्या माणसासारखं वाटत होतं. शाळा सुटायला आली होती. बाईंनी जयभीम केला, मीही केला. हाताला खडू लागलेला, चेहरा दमलेला. मला तो दुःखी वाटला.

"बाई," मी म्हणालो, "राग लई दिस धरू नये."

"कुणाचा राग, मामा?"

"गुरुजींचा."

फळा पुसता पुसता बाई थांबल्या. आता योगायोग बघा. रविवारी गुरुजी सांगवीला आले होते तेव्हा जेवताना त्यांच्या तोंडून गेलं होतं की डाळजला शेजारच्या काकू अधूनमधून भाकरी देतात, ती मऊ असते. एवढंच. बाई बोलल्या नाहीत, पण मनात राहिलं होतं. हे मला पुढं कळलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"समद्यांस्नी ठावं हाय, बाई. सायबांस्नी, कोकरे गुरुजींस्नी. तुमच्यासाठीच बैठक बसतीया."

"आमच्यावर बैठक?"

"खाण्याचं हाल व्हत्यात म्हणत व्हते. भाकरीवरनं कायतरी झालं म्हणं."

बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, औषध लागू पडलं. जखमेवर बोट ठेवल्याशिवाय पू निघत नाही, नाही का. त्यांनी हळूच विचारलं, "भाकरीचं हे बैठकीत बोलले?"

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू? ऐकलंच होतं.

"येते म्हणावं गुरुवारी," बाई म्हणाल्या. "नक्की येते."

मी खूश. पण एका बाजूला गुणगुणून काय उपयोग? दुसरी बाजू पण बघायला नको? मग मंगळवारी मी अर्ज टाकला, रजा घेतली आणि पदरच्या तिकिटानं डाळज गाठलं. कुणी सांगितलं नव्हतं. मामा ना मी.

डाळजला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. लांब भिगवणच्या अंगाला धरणाचं पाणी पसरलेलं, आणि त्या पाण्यावर पांढरे पक्षी एका पायावर उभे. मला ते सगळे वाट बघत असल्यासारखे दिसले. गुरुजी खोलीत स्टोव्हला पंप मारत होते. एकटा माणूस, एक तवा, एक ताट.

"गुरुजी," मी म्हणालो, "बाई लई दुखावल्यात. तुमच्या भाकरीच्या बोलण्यानं."

गुरुजींचा पंप थांबला. "तिनं हे कचेरीत सांगितलं?"

"म्या काय बोलू. गुरुवारी चारचौघांत तेवढी माफी मागा, म्हंजी झालं."

"माफी? चारचौघांत?" गुरुजी म्हणाले. स्टोव्हची निळी ज्योत बारीक होत होत विझली. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. मी म्हटलं, माणूस विचारात पडलाय, चांगली खूण आहे. परतीच्या गाडीत मला अशी गाढ झोप लागली की कंडक्टरनं हलवून उठवलं.

गुरुवार आला. सकाळपासून आत आवाज चढत होते. मोरगावची एक जागा संघटनेतल्याच दुसऱ्या एका गुरुजींना हवी होती. कोकरे गुरुजींनी त्यांना समजावून मागं सारलं. साहेबांचाही त्या जागेसाठी ज्येष्ठतेनं एक माणूस ठरलेला, तो साहेबांनी पुढच्या खेपेला ठेवला. दोघांनी एकेक पाऊल सोडलं. आणि मग आत इतकं शांत झालं की मला पंख्याची सूं तेवढी ऐकू आली. पहिल्यांदाच एकमत झालं होतं. साहेबांनी मला सगळ्यांना चहा सांगितला आणि मोरे गुरुजी व बाईंना आत घ्यायला लावलं.

दोघं खोलीच्या दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसली. मी ट्रे घेऊन मधोमध.

"बाई," साहेब हसून म्हणाले, "एकत्रीकरणाला तुमची संमती आहे ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

नेमका हा शब्द पंख्यानं खाल्ला नाही.

कोकरे गुरुजी अर्धवट उठले. "बाई, काय बोलताय? तुमच्यासाठी मी आपल्याच माणसाचा वाईटपणा घेतलाय."

"हे बघा," साहेबांचं हसणं गेलं, "आज संमती नसेल तर जागा पुढच्या नावाला जाईल. मग पुढच्या वर्षापर्यंत मला काही करता येणार नाही."

बाईंचे डोळे भरले, पण मान ताठ. गुरुजींकडं न बघता म्हणाल्या, "ज्यांनी माझ्या भाकरीची तक्रार बैठकीपुढं नेली, त्यांनी काकूंकडंच जेवावं."

"मी नेली?" गुरुजींचा आवाज फाटला. "आणि माझ्याकडं माणूस धाडून चारचौघांत माफी माग म्हणून कुणी कळवलं?"

"मी कशाला माणूस धाडू?"

"मग मामा कशाला आले होते?"

"मामा तर माझ्याकडं आले होते."

दोघं थांबली. मग सगळी खोली माझ्याकडं वळली. मी ट्रे साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"सायेब," मी म्हणालो, "जरा दमानं घ्या. जुळत आलंया."

"काय जुळत आलंय, मामा?"

"संसार, सायेब. एकत्रीकरण."

साहेबांनी चष्मा काढला. कोकरे गुरुजींनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच हळू, मला म्हणाले, "मामा, एकत्रीकरण म्हणजे बदली. आणि भाकरीचं मी एवढंच म्हणालो होतो, की परवा भाकरीवरून पाण्याचा हात फिरवताना गुरुजींनी बोटं पोळून घेतली."

साहेबांनी कपाळ टेबलाला टेकवलं. मला वाटलं, चक्कर आली. पण त्यांचे खांदे हलत होते. मग कोकरे गुरुजी सुटले, आणि लिंबावरचे कावळे गेले. साहेब आणि संघटना एकाच वेळी एकाच गोष्टीवर हसताना त्या खोलीनं कधी बघितलं नव्हतं. ती गोष्ट म्हणजे मी.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. गुरुजींकडं वळून म्हणाल्या, "पण काकूंची भाकरी मऊ असते, हे म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो," गुरुजी म्हणाले. पोळलेली बोटं त्यांनी मुठीत धरली होती. "मोरगावला आलो की ती बंद होईल, एवढं बघ."

बाईंनी डोळे पुसले. "संमती आहे, साहेब," म्हणाल्या, आणि मग कुठं हसल्या. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "मामा, मोरगावला या जेवायला. भाकरी खाऊन कचेरीत सांगा कशी होती ते."

शनिवारी मी गावी गेलो. नोकरी लागल्यापासून मी कचेरीमागच्या खोलीत राहायचो आणि घरची गावाकडं, शेरडं सांभाळून. शनिवारी संध्याकाळी यायचं, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं, वर्षानुवर्षं हेच. पिशवी खुंटीला अडकवली, ओट्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. एरवी कमी बोलणारा मी, त्या दिवशी बोलत सुटलो. तिनं शेंगा निवडत निवडत ऐकलं. भाकरीपाशी तर तोंडाला पदर लावून इतकी हसली की मला बरं वाटलं. तिला तसं हसताना बघून किती तरी दिवस झाले होते.

"मग आता दोगं एका गावात?" तिनं विचारलं.

"व्हय. मोरगावला."

"किती वरसं अलग व्हती?"

"तीन," मी म्हणालो. आणि मग, देवाशपथ सांगतो, अगदी मनापासून म्हणालो, "कशी काढली आसतील गं तीन वरसं? नवरा हितं, बायकू तितं. माझ्या तर जिवालाच लागलं बघ."

तिचे हात सुपात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं. सूप बाजूला सारलं, उठली, शेळीचं दावं सोडलं आणि माळाकडं निघून गेली.