अवसेचा चंद्र आणि माझी स्कूटर

अमावास्येला समुद्र निपचित पडलेला असतो, हे मीच लिहिलेलं वाक्य खरं मानून मी कळंबच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत स्कूटर उभी केली.

वाक्य एका चित्रकथेतलं. चित्रं माझ्या लेकीची. मुलांच्या एका मासिकाने तिला पहिल्यांदाच अख्खी बारा पानं दिली होती. आणि मी, मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसलेला निवृत्त कारकून, ‘गोष्ट मी देतो’ म्हणून मध्ये घुसलो. तिला नाही म्हणवेना.

मग अभ्यास. दोन महिने देशोदेशींच्या अचाट शक्तीवाल्यांच्या गोष्टी वाचल्या. डोळे गेले. सूर्याचा माणूस डोंगर उचलतो. चंद्राचा माणूस पौर्णिमेला लांडगा होतो, नाहीतर उसासे टाकतो. आपल्याकडे तर चंद्राला क्षयाचाच शाप. जपानात सूर्य ही देवी आहे असं एका पानावर निघालं, ते पान मी मिटून टाकलं. इतकं थकल्यावर कोण मत बदलतो?

तर माझी चंद्राची मुलगी पाण्यावर हुकूम चालवते, पण अमावास्येला तिची शक्ती शून्य, समुद्र गप्प, आणि सूर्याचा नायक येऊन तिला वाचवतो.

“बाबा, अमावास्येला चंद्र जातो कुठे? दिसत नाही एवढंच,” लेक म्हणाली.

“जो दिसत नाही त्याची शक्ती कसली?”

ऑफिसात अडतीस वर्षं साहेब लोकांनी मला हेच ऐकवलं होतं.

तिने मुकाट्याने नऊ पानं काढली. राहिली शेवटची तीन, गप्प समुद्राची. तो बघून काढायचा म्हणून आम्ही अमावास्येला सकाळी आठाला कळंबला गेलो. ती वही घेऊन बसली. मी सुरूच्या झाडाला टेकलो आणि डोळा लागला.

“बाबा, स्कूटर!”

स्कूटर आडवी झाली होती आणि लाटा तिच्यावरून जात होत्या. आम्ही दोघं ओढू लागलो. बाजूला बोंबील वाळत घालणारी एक कोळीण धावत आली. खरं तर ओढली तिनेच, मी नुसता धापा टाकत होतो.

“आज पाणी एवढं कसं?” मी विचारलं.

“अवसेला उधान नाय येनार तं कवा येनार? पुनवेला पानी तेवढंच अवसेला. तिथीची पाऊनपट कर, भरतीची येळ निघतं. पंधराची किती?”

“सव्वा अकरा,” मी म्हणालो. घड्याळात अकरा वीस झाले होते.

मघापासून माझ्या धापांना हसणारी लेक एकदम थांबली. ती समुद्राकडे वळली.

“म्हणजे अमावास्येला तिची ताकद सगळ्यात जास्त,” ती म्हणाली. “कुणाला न दिसता. शेवट मी बदलतेय, बाबा.”

वाद घालायला तोंड उघडलं, पण सायलेन्सरमधून पाणी गळत होतं.

“आणि माझा सूर्याचा नायक?”

“तो स्कूटर ढकलेल.”

ती खोडरबर काढून बसलीसुद्धा. कोळणीने वाकून वही पाहिली, सगळी गोष्ट लेकीकडून ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळली.

“ही गोष्ट तू लिवली? मंग आता पोरीला लिवू दे, दादा. तू माझे बोंबील राख, कावळे लय झालेत.”