गंगाबाईची हिरवी सवत

पनवेलच्या कोळीवाड्यात काशिरामइतका श्रीमंत माणूस झाला नाही आणि त्याच्याइतका कंगालही नाही. दोन्हींचं कारण एकच, त्याची मोटार. अहो, कोळ्याच्या दारात होडी असते, जाळं असतं, दोरीवर बोंबील असतात. याच्या दारात होती विलायतेची दोन माणसांची मोटार. हिरवीगार, लांब नाकाची, तारांच्या चाकांची आणि डोक्यावर छप्पर नसलेली.

मुंबईचा एक गोरा साहेब थंडीत बदकं मारायला पनवेलच्या खाडीत यायचा आणि काशिरामची होडी घ्यायचा. एकदा तो होडीतून कलंडून चिखलात रुतला, तेव्हा काशिरामने त्याला केसांना धरून वर ओढला होता. सत्तेचाळीस साली साहेब कायमचा निघाला. निरोप घ्यायला म्हणून बंदरावर आला आणि तिथंच मोटार बंद पडली. त्याची आगबोट दुसऱ्याच दिवशी सुटायची होती. "तुझी," म्हणत त्याने किल्ली काशिरामच्या हातावर ठेवली आणि मिळाली ती लॉरी पकडून गेला.

झालं! वाड्यातल्या गड्यांनी मोटार ढकलत घराशी आणली. पावसाळ्यात होडी ठेवायची नारळाच्या झापांची खोप होती, तिच्यात मोटार गेली आणि होडी उघड्यावर आली. बायको गंगाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आणली माजी सवत," एवढंच बोलून ती आत गेली.

बाजारापाठीमागे लॉऱ्या दुरुस्त करणारा कमळाकर होता, त्याला काशिरामने बोलावून आणला. इंजिनातलं एक चाक तुटलंय, ते विलायतेहूनच यायला हवं, असं त्याने सांगितलं. मग मोटारीच्या दारावर टकटक करून तो चकित झाला. पत्र्याच्या आत सगळा लाकडी सांगाडा होता. जाताना म्हणाला, "काशिराम, पत्रा मी केव्हाही ठोकून देईन. तू लाकूड जप. लाकूड गेलं की गाडी गेली."

लाकूड! काशिरामचा जीव भांड्यात पडला. इंजिनातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण लाकूड जपायला कोळ्याला कोणी शिकवावं? होडी कोरडी राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. गोडं पाणी लाकूड कुजवतं, खारं पाणी टिकवतं. हे बापजाद्यांचं शास्त्र, आणि होडीपुरतं अगदी खरं.

त्या दिवसापासून भरती आली की काशिराम खाडीतून कळशी भरून आणायचा आणि मोटारीच्या पोटात ओतायचा. दारांच्या फटींतून, तळाच्या फळ्यांवर, सीटच्या मागे. वरून मुशी माशाचं तेल चोळायचा. मोटार अशी चकाकायची की तोंड बघावं, आणि वास असा यायचा की तोंड फिरवावं.

संध्याकाळी तो सुकाणूच्या चाकावर हात ठेवून आत बसायचा. वाड्यात हसू व्हायचं, घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! पण हसणारेच पाहुणे आले की त्यांना मोटार दाखवायला घेऊन यायचे. मुंबईहून येणारेही थबकून बघायचे, अशी गाडी मुंबईतही नाही म्हणायचे. ते ऐकलं की काशिरामची छाती फुगायची. माणसाला एवढं पुरतं हो, आपल्यापाशी आहे ते दुसऱ्या कोणापाशी नाही. पनवेलच्या एका व्यापाऱ्याने मोटारीच्या बदल्यात नवा मचवा जाळ्यांसकट देऊ केला होता. काशिरामने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मचवा काय, कोणाकडेही असतो.

गंगाबाई त्या रात्री जेवली नाही. तिची समजूत घालायला त्याने शब्द दिला, गाडी एकदा सुरू झाली की तुला शेजारी बसवून बाजारातून फिरवीन, मग तू सांगशील त्याला देऊन टाकीन. तोवर मी हिच्यात पाऊल ठेवणार नाही, असं तिनेही सांगितलं.

वर्षं गेली. उघड्यावरची होडी पावसाने कुजली, उन्हाने फाटली. काशिराम दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी झाला. गंगाबाई नवऱ्याने आणलेली मासळी विकायची, ती आता दुसऱ्यांची विकू लागली. भरतीची कळशी मात्र चुकली नाही.

बासष्ट साली कमळाकर धावत आला. मुंबईत जालभाई नावाचे एक पारशी गृहस्थ होते, जुन्या गाड्यांचे वेडे. त्यांच्यापाशी अशाच मोडक्या गाडीतलं ते चाक निघालं होतं. अशा दोनतीनच गाड्या देशात आल्या, असं ते म्हणत होते. त्यांना चाकाचे पैसे नको होते. एकदा ती चालताना बघायची होती.

जालभाई आले त्या सकाळी गंगाबाईने पेटीतलं लग्नातलं लुगडं काढलं, अंबाड्यात अबोलीची वेणी माळली आणि ती खोपीपाशी येऊन उभी राहिली. काशिराम बघतच राहिला. इतकी वर्षं सवत सवत करणारी ही बाई मनातून वाट बघत होती तर!

कमळाकरने गाडी उचलायला खाली जॅक लावला आणि दांडा फिरवला. गाडी उचलली गेली नाही. जॅक तळाच्या लोखंडी चौकटीतून वर घुसला, चौकट मधोमध मोडली आणि अख्खी मोटार जमिनीवर बसली. दाराचा पत्रा पापडासारखा तुटून पडला. आतून नुसता गंजाचा तांबडा भुगा सांडत होता. लाकडी सांगाडा तेवढा उभा होता, कालच सुताराने केल्यासारखा.

जालभाईंनी वाकून भुगा चिमटीत घेतला, जिभेला लावला आणि काशिरामकडे पाहिलं. "खारं पाणी?" त्यांनी विचारलं. काशिरामने मान डोलावली. कमळाकर खाली बघत राहिला. लाकूड कोरडं ठेव, हे सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. पाण्यापासून जपायचं, हे काय सांगावं लागतं?

दोघे गेले. वाड्यातली माणसं तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणत पांगली. गंगाबाई रोजचं लुगडं नेसून बाहेर आली. वेणी काढायची राहून गेली होती. तिने मासळीची पाटी डोक्यावर घेतली.

"गंगे," काशिराम म्हणाला, "लाकूड बग, कसं ऱ्हायलंय."

"लाकूड होरीचं जपायचं व्हतं," ती म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेला लागली.

दुपारी भरती आली. काशिराम कळशी भरून घेऊन आला आणि त्या उघड्या सांगाड्यावर त्याने पाणी ओतलं. दुसरं काय करायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.